भिंतीकडे तोंड

"तोंड भिंतीकडे करा तिचं," लेओंतीन म्हणाली.

मेअर आणि त्याचा ड्रायव्हर अक्रोडाच्या लाकडाचा तो जड पुतळा टेबलावर चढवता चढवता घामाघूम झाले होते. गाव शेजारच्या गावात विलीन झालं, कचेरीला कुलूप लागलं आणि तिथली मारियान, देशाची स्वातंत्र्यदेवी, सगळ्यांनाच नकोशी झाली.

"अहो मादाम, तुमच्या यजमानांच्या, फेर्नांच्या हातची आहे! सगळ्या गावाची लग्नं हिच्यासमोर लागली."

"मग दमली असेल बिचारी. फिरवा तिकडे."

मेअरने पुतळा फिरवला.

पुतळा घडवायचा होता तेव्हा गावाने ठरावच केला होता, मारियानला आपल्याच एखाद्या मुलीचा चेहरा हवा. निवड झाली बेकरीवाल्याच्या सोलांजची. सबंध हिवाळा ती फेर्नांच्या कामाच्या खोलीत येऊन बसायची आणि तिचं खिदळणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं. लेओंतीन काही देखणी नव्हती. त्यातून लहानपणी उकळता मुरंबा सांडून तिची मान मागून भाजली होती. मुडपलेल्या पानासारखा तो वण झाकायला ती भर उन्हाळ्यातही गळ्याला रुमाल बांधायची. तो वण फेर्नांशिवाय कुणी पाहिला नव्हता.

पुतळा कचेरीत बसला, त्या दिवशी ती गेली नाही.

"एकदा जाऊन नीट बघ तरी," फेर्नां म्हणाला.

"काय बघायचं ते अख्ख्या गावाला दिसतंय."

त्याच रात्री तिने त्याची गादी कामाच्या खोलीत नेऊन टाकली. फेर्नां मुळात कमी बोलणारा. त्याने पुन्हा विषय काढला नाही. ती मत द्यायलासुद्धा कधी कचेरीची पायरी चढली नाही. लेकीचं लग्न कायद्याप्रमाणे तिथेच लागलं, तेव्हा ही हट्टी बाई चर्चमध्ये एकटी वाट बघत बसली. फेर्नां गेला तोही त्याच खोलीत, त्याच गादीवर.

मेअरची गाडी निघून गेली. लेओंतीनने स्वतःपुरतं सूप वाढून घेतलं आणि टेबलाशी बसली. नको नको म्हणत नजर वर गेलीच.

कचेरीत मारियानची पाठ कायम भिंतीला टेकलेली असायची. इथे ती उघडी होती. टोपीखाली केस वर गुंडाळलेले होते, मान मोकळी होती. आणि मानेवर, जपून जपून कोरलेलं, एक मुडपलेलं पान होतं.

तिने गळ्याचा रुमाल सोडला. एक हात लाकडाच्या मानेवर ठेवला, दुसरा आपल्या. दोन्हीकडे बोटं एकाच वाटेने फिरली. सूप निवून गेलं.

"बघितलं रे," ती कामाच्या खोलीकडे वळून म्हणाली.

उघड्या दारातून गुंडाळून ठेवलेली गादी तेवढी दिसत होती.