गोधडीतली गाडी

दर ऑक्टोबरात आनेलीसचे सासरे आपली लाल स्पोर्ट्स कार गोधडीत गुंडाळून ठेवत, ती थेट ईस्टरला उघडत. यंदा मात्र ते गरोदर सुनेला घेऊन टायरच्या दुकानात उभे होते.

“अरुंद दे, बर्फावर पकड घेणारे,” सासरे म्हणाले.

“लोरेन्झ, गाडीचा सगळा रुबाब जाईल!” दुकानदार हसला. “आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने पत्रा गंजला म्हणजे? पावसाचा थेंब लागू देत नव्हतास तिला!”

“गंजू दे. पोरगा त्याची गाडी घेऊन हॅम्बुर्गला, दवाखाना घाटाखाली. जानेवारीत कळा आल्या तर सुनेला काय घसरगाडीवरून नेऊ?”

आनेलीसने त्यांचा दंड घट्ट धरला. त्याच घाटाच्या धास्तीने तिची झोप उडाली होती. पण घरात ती एका शब्दाने बोलली नव्हती.