एकतीस मार्चपर्यंत

"एक ते एकतीस मार्च. प्रेस मशीनची एकही तक्रार नाही." मॅनेजर साहेबांनी कागद पुढे सरकवला. "चूक तुमच्या वडिलांचीच."

हेमांगीच्या शेजारी बसलेल्या तिच्या वडिलांची, आप्पांची, तीन बोटं एकतीस मार्चच्या दुपारी त्याच मशीनमध्ये गेली होती. हेमांगीचं डोकं सणकलं. तिचं रोजचं काम डेटाबेसचंच होतं.

"एकतीसपर्यंत शोधलं की कॉम्प्युटर तीसच्या मध्यरात्रीच थांबतो," ती कॉम्प्युटरवर बसलेल्या क्लार्कला म्हणाली. "एकतीसचा अख्खा दिवस गळतो. एक एप्रिल टाका."

साहेब काही बोलायच्या आत क्लार्कने तारीख बदलली. एक ओळ वाढली. एकतीस मार्च, सकाळी सव्वानऊ, आप्पांची तक्रार: 'प्रेस आपोआप खाली येते.' पुढे साहेबांचा शेरा: 'पाहिलं. काम चालू ठेवा.'

हेमांगीने मॉनिटर साहेबांकडे वळवला. "वाचा. आप्पांना ऐकू जाईल असं."