पुलाच्या तोंडाशी

पुलाच्या तोंडाशी दोन रस्ते मिळत होते आणि दोन्हीकडच्या गाड्या एकमेकींना वाट देत उभ्या होत्या. माणसांच्या हातून स्टिअरिंग गेल्यापासून गाड्या फार सभ्य झाल्या होत्या.

मागच्या सीटवर केतकी कळा सोसत होती. "बाबा, आता नाही सहन होत!"

"आधी समोरची गाडी," गाडी पंधरा मिनिटं गोड आवाजात हेच म्हणत होती.

तिच्या वडिलांनी, दिनकर धुमाळांनी, तीस वर्षं एसटी चालवली होती. घाटात कोंडी झाली की त्यांचा कंडक्टर उतरून एक बाजू अडवायचा. धुमाळ उतरले आणि दुसऱ्या रस्त्यावरच्या पहिल्या गाडीपुढे हात पसरून उभे राहिले. समोर माणूस, म्हणजे त्या गाडीला हलणंच नाही. केतकीची गाडी लगेच सुटली आणि पुलापलीकडच्या दवाखान्यात शिरली. फाटकातून नर्स धावत आली, तेही त्यांना दिसलं.

तेव्हा मात्र धुमाळ मटकन रस्त्यावरच बसले.

अडलेल्या गाडीतून एक बाई उतरल्या. "काका, बारशापर्यंत इथंच बसणार का?"

"पायच चालेनात हो, ताई," धुमाळ डोळे पुसत हसले.

"मग बसा माझ्या गाडीत, सोडते दवाखान्यात."

बाईंच्या मागच्या गाडीतले एक गृहस्थ बाह्या सरसावत आता केतकीच्या बाजूचा रस्ता अडवायला निघालेच होते.