वाट्याचं बोलणं

अंबूबाई मिसरी तोंडात ठेवूनच शाळंच्या फाटकात शिरली, तितंच तिची चूक झाली.

घरनं निघताना दाताला लावली. वाटंत कुठंतरी थुकायची, तर उशीर झाला म्हून ऱ्हायलं. आत येऊन बघती तर भिंतीवर हातहातभर अक्षरात 'तंबाखूमुक्त शाळा', नि बरोबर त्याच्याखाली खुर्ची टाकून हेडमास्तर लालासाहेब गुरुजी ऊन खात बसलेले. गिळावं तर चक्कर यील. माघारी फिरावं तर रेश्माबाईंनी वर्गातनं हाक मारली, "आजी, या लवकर! फोन आत्ता येईल."

अंबूबाईनं पदर तोंडाला लावला नि गेली आत.

रेश्माबाई म्हंजे बोलायच्या बाई. माहेर विश्रामबागचं. ज्या पोरांचं बोलणं अडतंय त्यांच्यापाशी बसायचं, हे त्यांचं काम. दर मंगळवारी उंब्रजच्या आजूबाजूच्या शाळा स्कुटीवर पालथ्या घालायच्या. ह्या शाळंत त्यांच्यापाशी अंबूबाईची नात बसायची, दुसरीतली राजनंदिनी. पोरगी लय हुशार, पर बोलताना शब्द अडायचा. तिचा शब्द अडला की आजी पुढं. "नाव काय गं बाळ?" म्हणलं की आजी नाव सांगणार. "जेवलीस का?" म्हणलं की आजी भाकरी मोजणार. पोरीचा बाप इंद्रजित फौजेत, वर लडाखला. बिचारा व्हिडिओ कॉल करायचा, लेकीचं तोंड बघायचा नि आईचा आवाज ऐकायचा.

म्हून आजचा फोन बाईंनी शाळंत, सोताच्या मोबाईलवर घ्यायचा ठरवला.

"आजी, तिच्या ताटातलं तुमी खाता का?" बाईंनी मागच्या मंगळवारी इचारलं हुतं.

"आवं, मी कशाला खाईन!"

"मग तिच्या वाट्याचं बोलता कशाला? कितीबी येळ लागू द्या. आपण थांबायचं."

"व्हय व्हय," म्हणली हुती अंबूबाई. जमलं मातर एक दिवस न्हवतं.

मोबाईल वाजला. पडद्यावर कानटोपीतला इंद्रजित.

"काय नंदे, काय म्हणतंय गाव?"

"पप्पा, आप... आप... आपल्या..."

अडलं. नंदीनं सवयीनं आजीकडं बघितलं. अंबूबाईच्या घशापतुर सगळं आलतं. पर तोंड उघडलं तर मिसरी बाहीर. आन् गेल्या सुट्टीत ह्याच लेकानं तिच्याकडनं शप्पत घेतली हुती, मिसरी बंद म्हून. तिनं डोळं मोठं केलं, मान हलवली. व्हट काय उघडलं न्हाईत.

रेश्माबाई हनुवटीखाली हात घेऊन बसलेल्या, जसं दिवसभर दुसरं कामच न्हाई. तिकडं इंद्रजितबी गप. बाईंनी त्याला आदीच समजावलं हुतं, तवा तो म्हणला हुता, "बाई, थांबायची तर आमची नोकरीच हाय."

नंदीनं दम घेतला.

"आपल्या म्हशीला रे... रे... रेडी झाली. कपाळावर चांद हाय. मी नाव ठेवलं."

"काय ठेवलंस?"

"ब... ब..."

अंबूबाईचं गाल फुगलं, डोळ्यात पानी आलं. गोठ्यातली एवढी मोठी खबर, नि ती सांगायला दुसऱ्याचं तोंड!

"बर्फी," नंदी म्हणली. "तुमी बर्फात हायसा म्हून."

इंद्रजितनं कानटोपी डोळ्यावर वढली. जरा येळानं वर केली नि म्हणला, "लय ब्येस नाव. पर आई कुटं हाय गं? एवढं बोलणं झालं नि आई मदी आली न्हाई? आजारी हाय काय?"

बाईंनी मोबाईल अंबूबाईकडं फिरवला. अंबूबाईनं जोरजोरात मान हलवली. पदर काय सोडला न्हाई.

"आई, अगं बोल की! रडतीयास का? काय झालंय?" इंद्रजितचा आवाज चढला.

आता उत्तर द्यायचं कुणी? नंदीनं आजीकडं बघितलं, मोबाईलकडं बघितलं.

"आ... आ... आजीच्या तोंडात..."

काय येतंय ते अंबूबाईनं वळखलं. "अंऽ! अंऽ!" करत दोन्ही हात हलवायला लागली. रेश्माबाईंनी नुसतं एक बोट वर केलं. मदी पडायचं न्हाई. थांबायचं.

"आजीच्या तोंडात मि... मि... मिसरी हाय."

लडाखात असं हसणं फुटलं की पडद्यावर आदी तंबू दिसला, मग बूट दिसलं. "आई! शप्पत मोडलीस व्हय गं? आन् नंदे, तू आजीची चहाडी केलीस? शाब्बास!"

बाईबी हसाय लागल्या. अंबूबाई उठली ती थेट गुरुजींच्या म्होरनं, फाटकाबाहीर, गटारीवर. नळावर चूळ भरून, तोंड पुसून माघारी आली, तर गुरुजी खुर्चीतनं उठलेले नि नंदी दारात हुबी.

"काय गं नंदे," गुरुजी म्हणलं, "कसला एवढा दंगा चाललाय?"

"गु... गु... गुरुजी, आ... आ..."

गुरुजी थांबलं. नंदीनं आजीकडं बघितलं.

अंबूबाईचं तोंड आता सपशेल मोकळं हुतं. एका शब्दात इषय बदलला असता. तिनं डोक्यावरच्या 'तंबाखूमुक्त शाळा'कडं एकदा बघितलं, नातीकडं बघितलं. मग व्हट घट्ट मिटलं, गाल फुगवलं नि हुबी ऱ्हायली, जशी मिसरी अजून आतच हाय.