भिंतीवरचा देविदास

साहेब, तुम्ही एका मिनिटात माणूस म्हातारा करून टाकला. चहा निवायच्या आत. नऊ वर्षं नांदेडच्या मैदानावर पट्टे रंगवणारा, बास्केटच्या फाटक्या जाळ्या बदलणारा रोजंदारीचा गडी, लखन, तुमच्यापुढं उभा होता. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "एकोणचाळीस. मर्यादा अडतीस. बाद."

तुमच्या लातूरच्या क्रीडा कार्यालयात मैदान सेवकाची कायमची जागा एकच होती. पुढची कधी निघंल, ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं.

मान वर झाली ती आडनाव वाचल्यावर.

"बोईनवाड? नायगावचे? देविदास बोईनवाड तुमचे कोण?"

"भाऊ."

देविदास तुमच्याच पाठीमागं भिंतीवर, फोटोत होता. सहा फूट सात इंच. हातात चेंडू असा, जणू लिंबू. तुम्ही खुर्चीतून उठलात. बारा वर्षं, सात देश, असं स्वतःशीच बोलल्यासारखं बोललात. कारकुनाला हाक मारून म्हणालात, "अरे, देविदासचे थोरले बंधू आलेत." मग लखनला नीट बघितलंत.

"थोरले? दिसता तर धाकटे."

"उन्हातलं काम हाय साहेब. उन्हात माणूस वाळतो, पिकत न्हाई."

तुम्ही हसलात. अर्ज पुन्हा हातात घेतलात. "हा कुणी लिहून दिला?"

"मीच लिहिला."

"दाखला चौथी पासचा आहे. अक्षर तर मास्तरचं."

"देविदासची पुस्तकं घरी पडून होती. वाचायचो."

"वा," तुम्ही म्हणालात, आणि अर्ज बादच्या गठ्ठ्यावर ठेवलात. "नियमापुढं माझा इलाज नाही. देविदासना नमस्कार सांगा आमचा."

लखन लातूरच्या स्टँडवर येऊन बसला. नांदेडच्या गाडीला वेळ होता. चार वाजले होते. मंगोलियात संध्याकाळ झालेली, देविदासचा सामना सुरू झालेला. लखननं मोबाईल काढला. शेजारी निलंग्याचे अमृतराव नातीला, गीतांजलीला, घेऊन बसले होते. पोरगी आधी वाकून बघायला लागली, मग आजोबा.

देविदास काही मोठा खेळाडू नव्हता. कुठल्याच संघानं त्याला एका हंगामापेक्षा जास्त ठेवला नाही. त्यांचा उंच गडी पाय मोडून बसला की ह्याला बोलावणं यायचं. मालदीव, बहारीन, थायलंड, जॉर्जिया. एक बॅग, एक जोडी बूट. पलंग तोकडा पडायचा म्हणून पायाखाली स्टूल. एका ठिकाणी संघच अर्ध्यात बंद पडला, तर हा बॅग उचलून शेजारच्या देशातल्या संघाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, घ्या. त्यांनी घेतला. आता मंगोलियात, जिथं बाहेर पाऊल टाकलं की पापण्या गोठतात. काम एकच. समोरच्या संघातल्या सगळ्यात आडदांड माणसाला दहा मिनिटं अडवायचं.

शेवटचे चाळीस सेकंद राहिले होते. एका गुणाची आघाडी. बाकावरून देविदास उठला. दोन्ही गुडघ्यांना पट्टे. समोरचा दांडगा चेंडू घेऊन वर उडाला आणि देविदास त्याच्याही वर गेला. साहेब, तुम्ही हे बघायला पाहिजे होतं. तो तिथं वरच थांबला. कुणीतरी छताला टांगून ठेवल्यागत. चेंडू पंज्यानं असा परतवला की समोरचा रिकामे हात घेऊन खाली आला.

"आयला!" अमृतरावांनी मांडीवर थाप मारली. "ह्यो आपल्या नायगावचा?"

"हाव. माझा धाकटा भाऊ."

"वय काय ह्याचं?"

"छत्तीस लावलंय बघा तिथं."

"छत्तिशीत हे उडणं! आमचा जावई छत्तिशीत जिन्यावर दोनदा बसतो."

"त्याहून मोठं नवल हाय, काका," लखन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

मोबाईलमधून कुणीतरी ओरडत होतं, "देविदास! देविदास!"

"हाव," लखनच्या तोंडून निघालं.

गीतांजली खुदकन हसली. "तुम्हाला न्हाई, त्यांना हाक मारून राहिलेत."

अर्ध्या तासानं देविदासचाच फोन आला, पडद्यावर त्याचा फोटो उजळला. लखननं लगेच उचलला. "बोल दादा."

"धाकट्याला दादा?" गीतांजलीनं आजोबाला विचारलं.

"नाव काढलं त्यानं, पोरी. अशाला समदेच दादा म्हणत्यात."

"बघितलास का?" तिकडून आवाज आला.

"बघितलं. अंगावर काटा आला, दादा."

"अजून एक हंगाम खेळ म्हणून राहिलेत. गुडघे न्हाई म्हणतेत. इथला डॉक्टर म्हणतो, तुझी हाडं वयाच्या पुढं पळाली." तो मोठ्यानं हसला. पाठीमागं त्याचे सोबती कसल्यातरी भाषेत गात होते. "तुझं काय झालं? लागली का नोकरी?"

लखन उठला, खांबाच्या पलीकडं गेला. नांदेडची गाडी लागली होती. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होते.

"बाद केलं."

"का?"

"वय जास्त भरलं."

तिकडचं गाणं लांब गेलं. बहुतेक तो खोलीबाहेर आला असावा. लखननं आवाज खाली आणला.

"ह्याच लातुरात चाचणी होती, दादा. सोळा वर्षांखालची. अठरा वर्षांचा घोडा तू, माझा शाळेचा दाखला घेऊन गेलास. एका दिवसापुरता दे म्हणालास. लखन तू हाईस. देविदास मी हाय. माझं नाव कधी परत देतोस, बोल."