परतीच्या ओळी

हेमांगीने प्रोग्रॅम चालवला आणि पडद्यावर होडी आली ती उलटी. समुद्र वर, होडी त्याला खालून चिकटलेली, डोलकाठीवरचं निशाण तळाकडे लोंबणारं.

चूक साधी होती. कॉलेजात पहिल्या वर्षाला ग्राफिक्सची जी लायब्ररी देतात, ती नवशिक्यांसाठीच असते. रेघ मारायची आज्ञा तयार, गोल काढायची आज्ञा तयार, आपण दोन ओळी लिहिल्या की चित्र हजर. फक्त उंची ती गणिताच्या वहीसारखी खालून वर मोजत नाही; पडद्याच्या वरच्या काठापासून खाली मोजते. वनमाला मॅडमनी हे पहिल्याच तासाला घोकून घेतलं होतं. पण आज हेमांगीचं डोकं ठिकाणावर कुठे होतं?

वेसाव्याच्या बाकीच्या बोटी सकाळीच बंदराला लागल्या होत्या. एकटी अनंताची, तिच्या बापाची, आली नव्हती. वायरलेसवरही काही आवाज नव्हता. भाऊ कृणाल पवईच्या ऑफिसला दांडी मारून धक्क्यावर जाऊन उभा राहिला होता. जाताना बजावून गेला होता, की नक्की काही कळलं तरच मी फोन करीन, तुम्ही उगाच करत बसू नका. तेव्हापासून फोन खोलीच्या मधोमध पडलेला आणि दोघी मायलेकी त्याच्याकडे न बघण्याचा आटापिटा करत होत्या. उद्या प्रॅक्टिकल होतं हे नुसतं निमित्त. हेमांगीला भीती वाटत होती आणि हातांना काहीतरी काम हवं होतं.

तिची आई सगुणा आज बाजारात बसायला गेली नव्हती. घासलेली भांडी तिने पुन्हा घासली. दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. परत येता येता तिची नजर लॅपटॉपवर पडली आणि ती जागच्या जागी थांबली. माणूस दर्यात असताना या घरात खेळण्यातली होडीसुद्धा कुणी उलटी ठेवत नसे.

"आदी ती होरी सरल कर," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून हेमांगीला जास्तच धडकी भरली.

तिने घाईघाईने आकडे बदलले. दोनदा चुकली. मग होडी सरळ झाली, पाण्यावर बसली आणि डावीकडचा किनारा सोडून निघाली. उजव्या काठापर्यंत गेली आणि काठाबाहेर दिसेनाशी झाली. पडद्यावर नुसतं निळं पाणी उरलं. सगुणा वाकून त्या पाण्याकडे बघत राहिली.

"मंग परत कवा येते?"

"ते अजून लिवलं नाय गं, आये."

"मंग लिव ना."

हेमांगीने लिहिलं. काठ आला की वळायचं, किनारा आला की थांबायचं. एवढ्याशा ओळी, पण तिची बोटं सारखी भलत्याच अक्षरांवर पडत होती. एकदाची होडी वळली आणि सुसाट परत आली. तरी सगुणाचं समाधान झालं नाही. म्हावऱ्याने भरलेली होडी अशी पळते होय, असं तिचं म्हणणं. एरवी हेमांगीने तिला चार शब्द सुनावले असते. आज तिने मुकाट्याने वेग कमी केला, सगुणाने मान हलवल्यावर आणखी कमी केला. मग होडी खरोखरीची निघावी तशी, रखडत रखडत निघाली. सगुणा गुडघे पोटाशी घेऊन पडद्यासमोर बसली. दाराकडे जायचं तिचं थांबलं.

होडी उजव्या काठाला पोचून नुकतीच वळली होती, तेवढ्यात फोन वाजला. कृणालचं नाव.

हेमांगीने झडप घातली. पण सगुणाने तिचं मनगट धरलं.

"आये, दादाचा फोन हाय."

"ती लागू दे किनाऱ्याला," सगुणा पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "मंग उचल."

फोन वाजत राहिला. किनारा अजून लांब होता, आणि होडी येत होती.