दुसरा शिकाऊ

"तुम्ही त्या विमानात नव्हताच," धूरबाई म्हणाली आणि तिने फाइल फिटरपुढे सरकवली.

फिटरने उजवा हात टेबलावर ठेवला. त्याची मधली दोन बोटं नव्हती. "मग ही काय उंदराने नेली?"

"माझ्याशी नीट बोला."

तिचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नसे. कंपनीच्या विमानांनी किती धूर सोडला याची नोंद ती ठेवायची, म्हणून धूरबाई. सरकारने धुराचा कोटा बांधून दिला होता. तो संपला की बाजारातून दुसऱ्या कुणाचा तरी कोटा विकत घ्यायचा. विमानात प्रवासी असोत, नाहीतर ते रिकामंच दुरुस्तीला चाललेलं असो, धूर मोजला जायचाच. सूट होती ती फक्त शिकवणीच्या उड्डाणांना. हा नियम आल्यापासून कंपनीला शिकवण्याची जी काही हौस आली, ती विचारू नका. दुरुस्तीला निघालेलं प्रत्येक रिकामं विमान कागदोपत्री कुणाला तरी शिकवतच उडायचं.

फिटरने डाव्या हाताने फाइल उघडली. तारीख तीच, विमान तेच. उड्डाणाचा प्रकार: शिकवणी. आत माणसं दोन, कॅप्टन आणि एक शिकाऊ पायलट. शिकवणीच्या उड्डाणात दुरुस्तीवाल्या फिटरचं काय काम?

त्याला भरपाई नको होती. बोटं कामावर असताना गेली, एवढं लिहिलेला एक कागद हवा होता. तो नसेल तर गेले एक्केचाळीस दिवस विनापरवानगी गैरहजेरीचे ठरत होते आणि सोमवारी सव्वीस वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडावं लागणार होतं. सकाळी बायकोने दारातच बजावलं होतं, "तोंड आवरा आणि कागद घेऊन या." त्याने मान हलवली होती. आता ते जड जात होतं.

"कॅप्टनसाहेबांना विचारा ना," तो म्हणाला. "इथेच तर बसलेत."

कॅप्टनला धूरबाईने सह्यांसाठी बोलावलं होतं. तो खिडकीशी मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

"साहेब, उतरताना ब्रेक लागले आणि हत्यारांची पेटी पट्ट्यातून सुटली. तुमच्या केबिनच्या दाराकडेच निघाली होती. मध्ये हात कुणी घातला?"

"फिटर, जुनं उगाळत बसू नका."

"जुनं? अजून जखम ओली आहे!"

धूरबाईने दार लावून घेतलं. "हे बघा. तुम्ही होतात असं लिहिलं, की ते उड्डाण शिकवणीचं राहत नाही. मग तपासणीवाले बाकीचीही उकरून काढतील. अशी चौतीस आहेत, आणि सगळ्यांवर माझी सही आहे. वरचे साहेब हात झटकून मोकळे होतील." तिने एक कोरा फॉर्म काढला. "एकच वाट आहे. तुम्हाला दुसरा शिकाऊ दाखवते. शिकताना इजा झाली. म्हणजे तुम्ही कामावर होतात. सही करा, कागद घ्या, सोमवारी या."

"मी? शिकाऊ पायलट? या वयात? बाई, मला अजून धड स्कूटर येत नाही!"

"तुम्हाला चालवायला कोण सांगतंय? सही करा."

त्याला असा संताप आला, की टेबल उलथून टाकावं. पण सोमवार दोन दिवसांवर होता. त्याने डाव्या हातात पेन धरलं आणि पहिलीतल्या पोरासारखी वाकडीतिकडी सही केली. आयुष्यात एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

धूरबाईने फॉर्म स्वतःकडे ओढला आणि ती थबकली. "निकालाचा रकाना राहिला. प्रत्येक शिकाऊचा भरावाच लागतो. साहेब, काय लिहू?"

"नापास लिहा," कॅप्टन मान वर न करता म्हणाला. "पास केला तर पुढच्या परीक्षेला बसवावं लागेल."

तिने लिहिलं, शिक्का मारला आणि फॉर्म कॅप्टनच्या सहीसाठी पुढे केला. फिटरने तो मध्येच धरला.

"कशात नापास झालो, तेही लिहा की."

"कारणाला जागा नाही त्यात," धूरबाई म्हणाली.

"पाठीमागे आहे." त्याने कागद उलटा करून कॅप्टनच्या मोबाइलवर ठेवला. "तुमच्या हाताने लिहा, साहेब. शिकाऊने पेटी सोडून द्यायला हवी होती."